ड्यूटीचा चार्ट कोण लावतो?

मे महिना. सकाळचे आठ वाजून गेलेत आणि चंद्रपुरात ऊन आतापासूनच टोचायला लागलंय. रात्रपाळी करून आलेला माणूस अंघोळ करतो, चार घास खातो आणि झोपायला जातो. खिडकीवर जाड चादर टाकलेली, कूलरमध्ये पाणी भरलेलं, मुलांना ‘बाबा झोपलेत, गोंधळ करू नका’ म्हणून बजावलेलं. तरी दहाच्या सुमारास भाजीवाल्याचा स्पीकर वाजत जातो. शेजारच्या गल्लीत लग्न असेल तर बँड. अकरा-साडेअकराला लाइट जाते, कूलर थांबतो आणि थोड्याच वेळात उशी घामानं भिजते. दुपारी एकला तो उठून बसतो. झोप झाली चार तासांची, तीही तुकड्यातुकड्यांत. रात्री पुन्हा तीच ड्यूटी.

चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, भद्रावती, राजुरा, गडचांदूर, कुठल्याही कामगार वस्तीत जा, हीच कथा ऐकायला मिळते. हा जिल्हा पाळ्यांवर चालतो. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या खुल्या आणि भूमिगत कोळसा खाणी, २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र, कोरपना-राजुऱ्याकडचे सिमेंट कारखाने यांची चाकं रात्री थांबत नाहीत. बॉयलर विझवून कुणाला घरी जाता येत नाही. रात्रपाळी राहणारच, हे इथल्या कामगारालाही मान्य आहे. त्याचा प्रश्न वेगळा आहे. सूचनाफलकावर लागणारा ड्यूटीचा चार्ट कोण लावतो, किती दिवस आधी लावतो आणि ज्यांची नावं त्यात असतात त्यांना कुणी काही विचारतं का?

थकव्याचा विषय निघाला की आपण तास मोजतो. मोजायलाच हवेत. पण त्या तासांवर माणसाचं स्वतःचं किती चालतं, यावरही त्याचा थकवा ठरतो. ही दुसरी बाजू आपल्याकडे फार कमी बोलली जाते, म्हणून हा लेख.

पहाटे तीनचं शरीर

खुल्या खाणीत पहाटे तीनला काय चाललेलं असतं? दिव्यांच्या उजेडात उडणारी धूळ आणि हॉल रोडवरून एकामागून एक वर चढणारे डंपर. केबिनमध्ये एकटा ऑपरेटर. इंजिनाचा एकसुरी आवाज, तोच चढ, तीच वळणं. गालात खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा आपल्याकडे घराघरांत पोचलाय; पण रात्रपाळीत तो अनेकांनी निव्वळ डोळा लागू नये म्हणून धरलेला असतो. झोपेवरचा हा स्वस्त उपाय पुढं तोंडाच्या कॅन्सरपर्यंत नेऊ शकतो.

त्या वेळी शरीरात काय चाललेलं असतं, हे विज्ञानानं बरंच उलगडलंय. मेंदूच्या तळाशी पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर तो आपलं घड्याळ लावतो आणि सगळ्या शरीराला वेळ सांगतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं, याचा शोध फळमाश्यांवर काम करून लावल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. या घड्याळानुसार पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं आणि सावधपणाही. माणूस डोळे उघडे ठेवून तीन-चार सेकंद झोपतो आणि त्याला स्वतःला ते कळतही नाही. ताशी ३० किलोमीटरनं चाललेला डंपर चार सेकंदांत सुमारे ३३ मीटर पुढं जातो. तेवढा रस्ता त्याला कुणीच चालवत नसतं.

आणखी एक हिशेब बघा. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी घसरते, असं १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवलं. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवण्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. आता एखादा माणूस सकाळी सातला उठला, मुलांची शाळा, बँक, बाजार करत दिवसभर जागाच राहिला आणि रात्री पहिल्या नाईटला गेला, तर बारा वाजताच त्याचे १७ तास भरतात. पाळी तर तिथून पुढं सुरू होते. दारू प्यायलेल्याला गेटवर अडवतात. झोप न झालेल्याला हाजरी लावून आत पाठवतात.

थ्री माइल आयलंडचा अपघात पहाटे चारला झाला, चेर्नोबिलचा रात्री १ वाजून २३ मिनिटांनी, भोपाळची वायुगळती मध्यरात्रीच्या आगेमागे. या दुर्घटनांमागे यंत्रांचे, रचनेचे आणि व्यवस्थापनाचे मोठे दोष होते, सगळा भार झोपेवर टाकता येणार नाही. पण संकट रात्री येतं तेव्हा त्याला तोंड देणारं डोकं सगळ्यात मंद झालेलं असतं, एवढं नक्की. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनंही २००७ मध्ये शरीराच्या घड्याळाशी खेळ करणारं पाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं.

चंद्रपूरच्या कामगाराला यात आणखी एक भार आहे. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. बाहेर ४५-४६ अंश असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीत दुपारी ते उतरणार कसं? पुण्यातली नाईट आणि चंद्रपूरची मे महिन्यातली नाईट कागदावर सारखीच दिसते, अंगावर सारखी पडत नाही.

पाळी कुठल्या दिशेनं फिरते, यानंही मोठा फरक पडतो. आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा थोडं जास्तच घेतं, त्यामुळे झोप पुढं ढकलणं सोपं आणि अलीकडे ओढणं अवघड. सकाळ, मग दुपार, मग रात्र असा क्रम त्याला झेपतो. रात्र, मग दुपार, मग सकाळ हा उलटा क्रम जड जातो. अमेरिकेत युटामधल्या एका खनिज कंपनीत चार्ल्स झाइस्लर आणि सहकाऱ्यांनी हा क्रम सरळ केला आणि पाळ्या दर आठवड्याला न बदलता काहींच्या २१ दिवसांनी बदलल्या. १९८२ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. कामगारांचं समाधान आणि तब्येत सुधारली, नोकरी सोडणारे कमी झाले आणि उत्पादनही वाढलं. नवं यंत्र आणलं नव्हतं, फक्त चार्ट बदलला होता.

रविवार आला कुठून

कामाच्या वेळेवर कामगाराचाही हक्क आहे, हे महाराष्ट्रानं फार आधी बोलून दाखवलंय. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. एप्रिल १८९० मध्ये त्यांच्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्यात दोन स्त्री कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. रविवार तेव्हापासून गिरणी कामगाराचा झाला.

त्या मागणीत विश्रांतीच्या तासांपलीकडचं शहाणपण होतं. सगळ्यांना एकाच दिवशी सुट्टी, म्हणजे घर एकत्र, बाजार एकत्र, देवाला जाणं एकत्र. आज फिरत्या सुट्टीवर काम करणाऱ्याला विचारा. बुधवारी मिळालेल्या सुट्टीत मुलं शाळेत, मित्र ड्यूटीवर आणि तो घरात एकटा. तासांचा हिशेब बरोबर असतो, पण मन विसावत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत असताना झालेल्या कामामुळे १९४६ मध्ये कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ वर आला. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांच्या हातून दीक्षा घेतलेल्या चंद्रपूरला बाबासाहेबांचं हे काम वेगळं सांगायला नको. पुढं १९५२ च्या खाण कायद्यानं जमिनीखालच्या कामाला दिवसाचे आठ तास ही मर्यादा घातली. मध्यरात्र ओलांडून चालणाऱ्या पाळीसाठी आठवड्याची सुट्टी पाळी संपल्यापासून सलग २४ तास मोजायची, अशीही त्यात तरतूद होती. रात्रपाळीवाल्याचा दिवस कॅलेंडरच्या दिवसापेक्षा वेगळा असतो, हे कायद्याला तेव्हाच कळलं होतं.

या लढ्यांनी ‘किती’चा प्रश्न बराच सोडवला. ‘केव्हा’ मात्र साहेबाच्या टेबलावरच राहिला.

नाटकाची रात्र आणि ड्यूटीची रात्र

दिवाळी झाली की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपट होतात आणि नाटकं सुरू होतात. वडसा ही या नाटकांची पेठ. रात्री दहाच्या पुढं पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. थंडीत घोंगडी पांघरून, बायकामुलांसह माणसं रात्रभर बसतात. सकाळी डोळे चुरचुरतात, पण चेहरे ताजे असतात. तोच माणूस रात्रभर ड्यूटी करून येतो तेव्हा त्याच्याशी बोलायची सोय नसते.

झोप दोन्हीकडे सारखीच गेली. शरीर दोन्हीकडे तिची वसुली करणार. मग फरक कुठं? नाटकाची रात्र त्यानं स्वतः निवडली होती. ती येणार हे त्याला महिनाभर आधी ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी काम कमी ठेवायचं, दुपारी ताणून द्यायची, हे त्यानं ठरवून ठेवलं होतं. कंटाळा आला असता तर उठून घरीही जाता आलं असतं.

हा फरक शास्त्रज्ञांनीही तपासलाय. १९७९ मध्ये रॉबर्ट कॅरासेक यांनी मांडलं की कामाचा रेटा एकटा माणसाला तितका मोडत नाही. रेटा जास्त आणि स्वतःच्या हातात काहीच नाही, ही जोडी त्याला मोडते. लंडनमध्ये दहा हजारांहून जास्त सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून अभ्यास सुरू झाला. ज्यांचं आपल्या कामावर काहीच चालत नव्हतं, त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाण जास्त आढळलं. फिनलंडमधल्या नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांत कामाच्या वेळेवर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्या आजारपणाच्या रजा पुढं जास्त निघाल्या, आणि स्त्रियांमध्ये हे अधिक ठळक होतं. घरची दुसरी पाळी त्यांनाच करावी लागते, म्हटल्यावर यात नवल नाही.

२०१० मध्ये अशा दहा अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. कामाच्या लवचिक वेळा कामगाराच्या निवडीनं ठरल्या तिथं तब्येतीला फायदा दिसला. त्याच लवचिक वेळा मालकाच्या सोयीनं लादल्या गेल्या तिथं फायदा दिसला नाही, काही ठिकाणी उलटंच झालं. नाव एकच, ‘लवचिक वेळ’. लगाम कुणाच्या हातात, यावर तिचं औषध होतं की दुखणं, हे ठरतं.

हातात लगाम असला की थकवा का कमी होतो, हे आपल्या अनुभवातूनही कळतं. कुणी पहाटे चारला टवटवीत असतो, कुणी रात्री एकपर्यंत; आपापली वेळ निवडता आली तर प्रत्येक जण आपल्या चांगल्या तासांत राबतो. थकवा चढायच्या आधी एक दिवस मागून घेता आला तर चार दिवसांचं आजारपण टळतं. आणि पुढच्या आठवड्यात काय वाढून ठेवलंय, ही धाकधूक गेली की आहे ती झोपही गाढ लागते. केव्हाही बोलावणं येईल या धास्तीत घेतलेली झोप झोपेसारखी नसतेच.

खाणीत जमीन गेली म्हणून नोकरी लागलेला प्रकल्पग्रस्त घ्या. उरलेल्या एकर-दोन एकरात तो धान लावतो. पाऊस पडला की रोवणीचे चार-पाच दिवस त्याला शेतात असावंच लागतं. पाळी बदलून मिळाली नाही तर तो एक तर गैरहजर राहतो, नाही तर दिवसभर चिखलात वाकून रात्री डंपरवर बसतो. गैरहजेरीबद्दल त्याला मेमो मिळतो. दुसरा प्रकार कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि धोका त्यातच आहे.

ताडोबाच्या बफरमधल्या गावांतून मोटरसायकलनं ये-जा करणाऱ्यांना अंधारातला रस्ता कसा वाटतो, हे वेगळं सांगायला नको. फेब्रुवारी २०२२ मध्ये तर वीज केंद्राच्या परिसरातच कामावरून परतणारा एक कंत्राटी कामगार वाघाच्या हल्ल्यात गेला. ‘मला ही पाळी नको’ असं कुणी म्हणतो तेव्हा तो कामचुकार असतोच असं नाही.

जंगलातली पाळी

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात कामाची वेळ ठरवायची दुसरी एक रीत आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात बायामाणसं पहाटे अंधारातच निघतात, ऊन चढायच्या आत पानं तोडून घरी येतात, दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि संध्याकाळी संकलन केंद्रावर नेऊन मोजून देतात. कष्टाचं आणि उन्हाचं वाटप त्यांनी स्वतः केलेलं असतं. कुणाच्या घरी लहान मूल असेल तर ती उशिरा निघते, कुणी एक दिवस जातच नाही.

या रीतीला सोन्याचा मुलामा द्यायची गरज नाही. मोबदला पुड्यांच्या मोजणीवर मिळतो, हंगाम मोजक्या दिवसांचा असतो, म्हणून अंग दुखत असलं तरी जावं लागतं. आणि पहाटेच्या अंधारात वाघ-अस्वलाचं भय असतं. गरज मानगुटीवर बसली की वेळ आपल्या हातात असूनही नसल्यासारखी होते. तरी उन्हाशी भांडू नये, त्याला वळसा घालावा, हे या बायांना जितकं कळतं तितकं अनेक व्यवस्थापकांना कळत नाही.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं एक पाऊल पुढं टाकलं. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक वनहक्क मान्य झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. आधी इथला बांबू कागद गिरणीच्या करारात बांधलेला असे. आता तो कधी तोडायचा, किती तोडायचा, हे ग्रामसभा सर्वसहमतीनं ठरवते. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढं चालू राहते. काम करणारी माणसं एकत्र बसून कामाची वेळ ठरवू शकतात आणि काम तरीही होतं, याचा दाखला शोधायला फिनलंडपर्यंत जावं लागत नाही.

सही आणि संमती

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं कारखान्यांतल्या कामाची दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. ओव्हरटाइमसाठी कामगाराची लेखी संमती हवी, अशी अट त्यात आहे. या अटीवरच सगळं उभं आहे.

कंत्राटी कामगाराची संमती कशी असते? काम नाही तर दाम नाही. नाही म्हटलं तर उद्या गेटपास मिळेल की नाही याची खात्री नाही. त्याच्यापुढं कागद ठेवला की तो सही करतो. त्या सहीला संमती म्हणायची असेल, तर नाही म्हणणाऱ्याचं काही बिघडणार नाही याची हमी आधी द्यावी लागेल. आणि खरी संमती मिळाली तरी शरीर ती वाचत नाही. ओव्हरटाइमच्या पैशासाठी कुणी राजीखुशीनं सलग दोन पाळ्या केल्या, तरी पहाटे तीनला त्याचे डोळे मिटणारच. म्हणून तासांची मर्यादा हे कुंपण पक्कं हवं, आणि कुंपणाच्या आतल्या जागेत माणसाला मोकळीक हवी.

आधी पेन्सिलनं

ही मोकळीक द्यायला फार खर्च लागत नाही. चार्ट महिनाभर आधी लावा, म्हणजे घरचं लग्न, दवाखाना, रोवणी यांचा मेळ बसवता येतो. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र या क्रमानंच फिरवा. दोन पाळ्यांमध्ये किमान अकरा-बारा तासांची सुट्टी ठेवा. तेच लायसन्स आणि तेच कसब असलेल्या दोघांना आपसात पाळी बदलायची असेल तर साध्या अर्जावर बदलू द्या, फक्त हे अंतर मोडू नये. रात्री पाळीच्या मध्यावर वीस मिनिटांची डुलकी घ्यायला थंड, अंधारी खोली द्या आणि तिला आळस म्हणू नका. झोप झाली नाही म्हणून ‘आज मी डंपर चालवणार नाही’ असं सांगणाऱ्याला मेमो नको, त्या दिवसापुरतं दुसरं काम द्या. मे महिन्यात रात्रपाळीचे सलग दिवस कमी करा. आणि हे सगळं कंत्राटी कामगारालाही लागू करा, कारण सगळ्यात कमी चालतं ते त्याचं.

‘सगळ्यांनाच दिवाळीची सुट्टी पाहिजे, मग बॉयलर कोण बघणार?’ हा प्रश्न कुठलाही शिफ्ट इन्चार्ज विचारेल, आणि तो बरोबरच आहे. प्रत्येक पाळीत किमान किती माणसं, कोणत्या कामाची माणसं हवीत, हे व्यवस्थापनानंच ठरवायचं. ती संख्या भरायची कशी, हे त्या गटावर सोपवून बघायला हवं. गेल्या दिवाळीला कोण घरी होतं, कुणाची आई आजारी आहे, कुणाला रात्रच बरी वाटते, हे टाइम ऑफिसपेक्षा सोबत काम करणाऱ्यांनाच जास्त ठाऊक असतं. आपसात ठरवलेली जड पाळीही माणूस कुरकुर न करता करतो, कारण पुढच्या वेळी दुसरा करणार हे त्याला माहीत असतं.

सुरुवात अगदी लहान करता येईल. पुढच्या महिन्याचा चार्ट आधी पेन्सिलनं लिहा आणि एक आठवडा फलकावर राहू द्या. ज्याला अडचण आहे त्यानं नावासमोर खूण करावी, सोबत्यांशी बोलावं, दोन नावांची अदलाबदल सुचवावी. आठवडा झाला की तोच चार्ट पेनानं पक्का करा. वीज तेवढीच तयार होईल, कोळसा तेवढाच निघेल. रात्र कुणाची तरी जाईलच. पण मे महिन्यातल्या त्या दुपारी अर्धवट झोपेतून उठून बसलेल्या माणसाला माहीत असेल, की या रात्री अजून तीनच उरल्यात, आणि त्या घेताना आपल्यालाही विचारलं होतं.